‘मला सात काहून भेटले?’ : रुब्रिकने वह्या तपासताना

प्रश्न : मी नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सातवीला मराठी आणि विज्ञान शिकवते. नोकरीचं तिसरं वर्ष आहे, वर्गात ५२ मुलं. निबंध आणि प्रकल्प रुब्रिकने, म्हणजे निकष आणि त्यांच्या पायऱ्या मांडलेल्या तक्त्याने, तपासायचे असं यंदा शाळेत ठरलं. मी इंटरनेटवरून एक तक्ता घेतला. त्यात आशय, मांडणी, भाषा, हस्ताक्षर आणि वेळेवर सादरीकरण असे पाच निकष आहेत, प्रत्येकाला दोन गुण. उत्तम तर २, मध्यम तर १, असमाधानकारक तर ०. ‘माझा अविस्मरणीय दिवस’ हा निबंध त्यावर तपासला, तर ३८ मुलांना दहापैकी सातच पडले. मुलं विचारतात, ‘मॅडम, मला सात काहून भेटले?’ आणि मला नीट सांगता येत नाही. वेळही दुप्पट गेला. रुब्रिकचा खरंच उपयोग आहे का? असेल तर ते करायचं कसं?

उत्तर : आधी त्या सातांचं बघू, कारण ते तुमच्या तक्त्यातच होते. सातवीतली बहुतेक मुलं वही वेळेवर देतात आणि वाचता येईल असं अक्षर काढतात. म्हणजे निबंधाची पहिली ओळ वाचायच्या आधीच दोन आणि दोन असे चार गुण पडले. उरले आशय, मांडणी आणि भाषा. ५२ वह्यांचा गठ्ठा समोर असताना, उत्तम म्हणजे नेमकं काय हे ठरलेलं नसताना, हात आपोआप ‘मध्यम’वर जातो. तीनदा एक म्हणजे तीन. चार आणि तीन सात. तुमचं तपासणं चुकलं नाही. तक्त्याने दुसरा आकडा येऊच दिला नाही.

मी २९ वर्षं नागपुरातल्या मराठी शाळांमध्ये शिकवलं आणि आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. प्रत्येक प्रशिक्षणात हाच तक्ता वेगवेगळ्या नावांनी माझ्यासमोर येतो. रुब्रिक उपयोगी आहे, माझ्या मते फार उपयोगी आहे. पण ते आपल्या वर्गातल्या वह्यांमधून निघालेलं असावं लागतं. बाहेरून आणलेल्या तक्त्यात विशेषणं असतात, आणि ‘मांडणी चांगली’, ‘आशय समाधानकारक’ असल्या विशेषणांवरून मुलाला काहीच दिसत नाही. खरं तर आपल्यालाही दिसत नाही.

वह्यांमधून निघालेलं म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीचं पाणी काठच्या वस्त्यांमध्ये शिरलं. माझ्या वर्गातली बरीच मुलं त्याच भागातली होती. शाळा सुरू झाल्यावर आठवड्याभराने मी त्यांना ‘पाणी घरात शिरलं ती सकाळ’ लिहायला सांगितलं. ज्यांच्या घरी पाणी आलं नव्हतं त्यांनी पाहिलेलं लिहावं, असं सांगितलं. ४६ वह्या आल्या.

त्या रविवारी मी लाल पेन हातात घेतलाच नाही. हॉलमध्ये सतरंजी टाकली आणि एकेक वही वाचून खाली ठेवत गेले. वाचताना जिथे थांबावंसं वाटलं त्यांचा एक ढीग केला, जिथून डोळे नुसते सरकत गेले त्यांचा दुसरा, आणि मधल्यांचा तिसरा. पुढे मधल्या ढिगाचे दोन झाले. मग पहिल्या ढिगातली एक आणि दुसऱ्यातली एक अशा दोन वह्या शेजारी उघड्या ठेवून स्वतःला विचारलं, फरक कुठे आहे?

एकीत होतं : ‘सकाळी पाणी आले. सगळे घाबरले. सामानाचे खूप नुकसान झाले. निसर्गापुढे कुणाचे चालत नाही.’ दुसरीत होतं : ‘आजी पलंगावर उभी होती. तिच्या हातात देव होते आणि ती बाबाला म्हणे, गॅसचं सिलिंडर धर, ते तरंगून राहिलं.’ दुसऱ्या वहीत शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. पहिलीत एकही नव्हती. तुमच्या तक्त्यावर पहिलीला आठ आणि दुसरीला सहा पडले असते.

त्या दोन वह्यांमधून माझ्या रुब्रिकची पहिली ओळ आली. निकषाला नाव दिलं ‘प्रसंग दिसतो का’. सर्वात वरच्या पायरीवर लिहिलं : ‘एकच वेळ धरून ठेवली आहे. तिथे कोण होतं, काय करत होतं, काय ऐकू येत होतं, हे वाचून चित्र काढता येईल.’ त्याखाली : ‘वेळ धरली आहे, एखादी गोष्ट दिसते, पण पुढे सगळं घाईने उरकलं आहे.’ त्याखाली : ‘घटना क्रमाने आहेत, पण त्या कुणाच्याही घरच्या असू शकतात.’ आणि शेवटी : ‘प्रसंग नाही, विषयाबद्दल माहिती किंवा उपदेश आहे.’ यात ‘उत्तम’ नाही की ‘असमाधानकारक’ही नाही. वहीत जे दिसतं तेवढंच लिहिलं आहे. हे मुलासमोर ठेवलं की सात काहून भेटले याचं उत्तर ते स्वतःच देतं.

ओळी लिहिताना माझी एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. पहिल्या मसुद्यात मी वरच्या पायरीला ‘निदान तीन तपशील’ असं लिहिलं होतं. मुलं हुशार असतात. पुढच्या निबंधात प्रत्येकाने मोजून तीन तपशील आणून चिकटवले : निळी बादली, लाल चादर, पिवळी चप्पल. आकडा घातला की मूल आकडा पूर्ण करतं. मी तो काढून टाकला आणि ‘चित्र काढता येईल’ हे शब्द ठेवले. ते मोजता येत नाहीत, पण दोन शिक्षकांना शेजारी बसून त्यावर एकमत करता येतं.

एकमताचा मुद्दा मोठा आहे. आपण सगळे मनातून मानतो की अनुभवी शिक्षक निबंध बरोबर तोलतो. १९६१ साली अमेरिकेत पॉल डीडरिक यांनी हे तपासून पाहिलं. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचकांना दिले. त्यात इंग्रजीचे प्राध्यापक होते, तसेच शास्त्रज्ञ, वकील, संपादक आणि व्यावसायिकही होते. कुठलेही निकष न देता, गुणवत्तेप्रमाणे नऊ ढीग करा, एवढंच सांगितलं. ३०० पैकी १०१ निबंध असे निघाले की ते कुणा ना कुणाच्या हातून नऊच्या नऊ ढिगांत पडले होते. पाचपेक्षा कमी ढिगांत पडलेला एकही निबंध नव्हता. मग वाचकांनी लिहिलेले शेरे चाळले, तेव्हा कळलं की कुणी विचारांना भुललं होतं, कुणी चुकांवर अडलं होतं, कुणी रचना पाहत होतं, कुणी शब्द, तर कुणी लिहिणाऱ्याचा स्वतःचा सूर. हे पाचही वाचक आपल्या शिक्षक-खोलीत बसलेले आहेत. मुलाची वही कुणाच्या टेबलावर गेली यावर त्याचा गुण ठरतो, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. रुब्रिक हवं ते यासाठी.

म्हणून रुब्रिक तयार झालं की लगेच सगळ्या वह्या तपासायला बसू नका. शेजारच्या वर्गाच्या मराठीच्या शिक्षिकेला चहाला बोलवा, सहा वह्या घ्या, दोघींनी वेगवेगळ्या कागदावर पायऱ्या मांडा आणि मग कागद जोडून बघा. एका पायरीचा फरक चालतो. दोन पायऱ्यांचा फरक पडला तर वाद घालू नका, ती ओळ पुन्हा वाचा. बहुतेक वेळा ओळीतला एखादा शब्द दोघींनी दोन अर्थांनी घेतलेला असतो. माझ्या रुब्रिकमध्ये ‘क्रम’ हा असा शब्द निघाला. मी त्याचा अर्थ वाचणारा कुठे हरवत नाही असा घेत होते, माझी सहकारी घटना घडल्या त्याच क्रमाने असा घेत होती. एका मुलाने शेवटापासून सुरुवात केली होती. त्याला मी चौथी, म्हणजे सर्वात वरची पायरी दिली आणि तिने दुसरी.

पायऱ्या चार ठेवा. तीन किंवा पाच ठेवल्या की मधली पायरी बसायला सोयीची होते आणि निम्मा वर्ग तिथे जाऊन बसतो. चारमध्ये मधली जागाच नसते, या बाजूला की त्या बाजूला हे ठरवावंच लागतं. निकषही तीन किंवा चार, त्याहून जास्त नकोत. आठ निकषांचा तक्ता कागदावर भारदस्त दिसतो, पण विसाव्या वहीनंतर आपण एक निकष बघून बाकीचे त्याच्याच आसपास भरत जातो. एका गुणाचा ठसा बाकी सगळ्या गुणांवर पडतो हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं, आणि सुंदर हस्ताक्षराच्या वहीबाबत त्याचा अनुभव आपल्याला रोज येतो.

निकषांना सारखे गुण द्यायची गरज नाही. माझी वाटणी अशी असते : प्रसंग दिसतो का याला ४, वाचणारा हरवत नाही याला ३, शब्द स्वतःचे आहेत का याला २ आणि शुद्धलेखनाला १. हस्ताक्षर आणि वेळेवर देणं हे मी गुणांतून पूर्ण काढलं. त्या सवयी महत्त्वाच्या आहेत, त्यांची नोंद दैनंदिन निरीक्षणात करता येते. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधनं दिली आहेत. प्रत्येक गोष्ट निबंधाच्या दहा गुणांत कोंबायची सक्ती कुणी केलेली नाही. गुण मांडताना आणखी एक जपा : चार निकषांना एक ते चार असे गुण देऊन बेरीज सोळातून काढली, तर सर्वात खालच्या पायरीवरच्या मुलालाही चार म्हणजे २५ टक्के पडतात आणि सगळ्या वर्गाचे गुण वर सरकतात. आधी पायरी ठरवा, तिचे गुण नंतर लावा.

प्रकल्पाचं वेगळं सांगावं लागेल. काही वर्षांपूर्वी मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी आमच्या लेआउटमधल्या तान्ह्या पोळ्याला, मुलांच्या लाकडी नंद्यांच्या सणाला, मला परीक्षक म्हणून बसवलं होतं. हातात चिठ्ठी दिली, त्यावर ‘आकर्षकता १०’ एवढंच. मुलं लाकडी नंदी ओढत आली. एकाचा नंदी माझ्या कमरेएवढा, घंटा, झूल, शिंगांना बेगड, सोबत बाबा. रांगेच्या शेवटी एक मुलगा मातीचा बैल घेऊन आला होता. चाकं शिशीच्या झाकणांची. आम्ही तिघा परीक्षकांनी त्या चिठ्ठीवर मोठ्या नंदीला पहिलं बक्षीस दिलं, आणि चिठ्ठीप्रमाणे ते बरोबरही होतं. तो मातीच्या बैलाचा मुलगा बोजाऱ्याचे, म्हणजे नंदी आणणाऱ्या मुलांना देतात ते पैसे घेऊन निघाला तेव्हा त्याने आपल्या बैलाची चाकं तपासून पाहिली, बहुतेक एक सैल झालं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. मी वर्गातले प्रकल्प ‘सादरीकरण’, ‘सजावट’, ‘आकर्षकता’ या शब्दांवर तपासत होते, आणि कितीतरी वर्षं मी मुलांच्या आईवडिलांच्या खिशाला गुण देत आले होते. रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, दुकानातून आणलेलं मॉडेल.

तेव्हापासून प्रकल्पाच्या रुब्रिकमध्ये मी फक्त तेच ठेवते जे मुलाला स्वतःच करावं लागतं. विज्ञानाचं उदाहरण घ्या. मुलांनी घरचा नळ, विहीर आणि नाग नदी अशा तीन ठिकाणचं पाणी काचेच्या बाटल्यांत आणलं (नदीचं मोठ्या माणसाने काढून दिलेलं), गढूळपणा पाहिला, आम्लता दाखवणारा पीएच कागद बुडवला, तक्ता भरला. निकष तीन : नोंद जागेवर केली आहे का, तीनही नमुन्यांना सारखी वागणूक दिली का, आणि निष्कर्ष नोंदीतून निघतो का. सगळ्यात जास्त मुलं तिसऱ्यावर अडतात. तक्त्यात फक्त रंग आणि पीएच असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘नाग नदीच्या पाण्याने रोग होतात.’ ते वाक्य खोटं नाही, पण ते त्याच्या बाटलीतून आलेलं नाही, पाठ्यपुस्तकातून आलं आहे. वरच्या पायरीवर मी लिहिते : ‘आपल्या नोंदींवरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, दोन्ही सांगितलं आहे.’ एका मुलीने लिहिलं होतं, ‘विहिरीचं पाणी स्वच्छ दिसते पण त्यात जंतू आहेत की नाही ते या कागदाने कळत नाही.’ तिच्या प्रकल्पाचं कव्हर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचं होतं. तिला पूर्ण गुण दिले.

आता मुलांच्या हातात ते कधी द्यायचं? लिहायच्या आधी. नुसतं वाटून उपयोग नाही, त्यांना ते वापरायला लावावं लागतं. मी मागच्या वर्षीच्या तीन वह्यांमधला एकेक परिच्छेद नाव काढून फळ्यावर लिहिते आणि गटांना पायरी ठरवायला सांगते. अर्धा तास वर्ग भांडतो, आणि तो अर्धा तास मला दहा निबंध तपासण्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या समग्र प्रगती पत्रकात मुलाने स्वतःचं आणि सोबत्याचं मूल्यमापन करावं असं म्हटलं आहे. या अर्ध्या तासाशिवाय ते होत नाही. नाही तर मित्र मित्राला चार देतो आणि भांडण झालं असेल तर एक. ओळींमध्ये मुलांचेच शब्द घ्या. ‘घाईने उरकलं आहे’ ही ओळ माझी नाही. एक मुलगा म्हणाला होता, ‘मॅडम, यानं तं उरकवूनच टाकलं.’

वेळेचं तुम्ही विचारलंत. पहिल्यांदा वेळ जास्तच लागतो, तो वाचवता येत नाही. नंतर मात्र शेरे लिहिण्याचा वेळ वाचतो. रुब्रिक छोटं करून एका ए-फोर कागदावर चार बसवा, ५२ मुलांना १३ कागद लागतात. चिठ्ठी वहीत चिकटवा, लागू असलेल्या ओळीखाली रेघ ओढा आणि फक्त एक वाक्य हाताने लिहा, पुढच्या वेळी काय करायचं त्याचं. गुण त्या दिवशी लिहू नका. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, आणि शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. मी हे माझ्या वर्गात रोज पाहिलं आहे : आकडा असला की मूल आकडा बघून वही मिटतं. गुण वहीत दोन दिवसांनी, पुन्हा लिहून झाल्यावर टाका. एका बैठकीत पंधरा-सोळाच्या वर वह्या घेऊ नका आणि शेवटी पहिल्या तीन वह्या परत उघडा. हात हळूहळू सैल किंवा कडक होत जातो, ते तिथे कळतं.

श्रुतलेखन, गणितं, एका वाक्यात उत्तरे यांना रुब्रिक लावू नका. तिथे उत्तरसूची पुरते.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. मघा सांगितलेली आजीची वही. तिच्यात शेवटी एक संवाद होता : ‘मी म्हटलं, आजी, काहून रडून राहिली? ते म्हणे, तुह्या आजोबाचा फोटो भिजला ना बाप्पा.’ माझ्या पहिल्या रुब्रिकमध्ये चौथा निकष होता ‘प्रमाण भाषा’. त्या ओळीवर या वहीला सर्वात खालची पायरी आली. मी रेघ ओढली आणि पुढे गेले. रात्री ती ओळ डोक्यातून जाईना. आजी तशीच बोलली असणार. ‘तुमच्या आजोबांचे छायाचित्र भिजले’ असं या शहरातली कुठलीच आजी म्हणत नाही. ती पोर खरं लिहीत होती आणि मी तिला खऱ्यासाठी गुण कापले होते.

सकाळी मी तो निकष खोडला आणि दोन ओळी लिहिल्या. निवेदनाची भाषा शाळेत शिकलेली, वाचणाऱ्याला कळणारी. संवादाची भाषा बोलणाऱ्याच्या तोंडची. मग ४६ च्या ४६ वह्यांचा तो एक रकाना पुन्हा भरला. नऊ वह्यांची पायरी बदलली, सगळ्या वर गेल्या. वर्गात मी सांगितलं की चूक माझी होती आणि तक्ता बदलला आहे. एखादी वही मनाला फार चांगली वाटत असेल आणि रुब्रिक तिला खाली ढकलत असेल, तर आधी रुब्रिककडे बघा. पाचातल्या चार वेळा वांधा तिथेच असतो.

तुमच्या टेबलावर त्या ३८ वह्या आहेत. सगळ्या पुन्हा तपासू नका. त्यातल्या बारा उचला, सात हा आकडा झाकायला कागदाची पट्टी चिकटवा आणि रविवारी सतरंजीवर ढीग करा. सारखे सात असलेल्या वह्या दोन-तीन वेगळ्या ढिगांत जातील, याची मला खात्री आहे. वरच्या ढिगातली एक आणि खालच्या ढिगातली एक शेजारी उघडा आणि फरक एका वाक्यात लिहा, विशेषण न वापरता. ते वाक्य मला पाठवा. पुढच्या तीन ओळी आपण दोघी मिळून लिहू.